लिनक्सची सवत पाहायला देवासला

लोक माळव्यात जातात ते मांडू पाहायला. मी गेले ती सवतीचं तोंड पाहायला. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे ही सवत नवऱ्याकडून आलेली नाही. ती आली संगणकातून.

नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक शिकवते. पण कोणी विचारलं की तुम्ही करता काय, तर माझ्या तोंडात पहिलं नाव येतं ते लिनक्सचं. संगणक चालवणारी ही प्रणाली कोणा एका कंपनीची नाही. जगभरची माणसं ती लिहितात, सुधारतात, फुकट वाटतात आणि कोणी अडलं तर एकमेकांना सोडवतात. माझं तारुण्य या कामात गेलं. दर रविवारी आमच्याकडे लिनक्सचं मंडळ भरायचं, त्यात मी उत्सवमूर्ती. पुढे माणसं गळत गेली, शेवटी तिघं उरलो, आणि आता रविवारी मी एकटीच असते.

गेल्या काही वर्षांत एका बड्या कंपनीची नवी प्रणाली आली. यंत्र उघडलं की समोर ब्राउझर, आणि त्या ब्राउझरमध्येच सगळं जग. पत्रं, फोटो, शाळेचे पेपर, सगळं इंटरनेटवर. आत खरवडून पाहिलं तर गाभा कोणाचा? लिनक्सचाच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आम्ही वर्षानुवर्षं दारोदार फिरून लिनक्स घ्या हो म्हणत होतो तेव्हा लोक दार लावून घ्यायचे. हिच्या गळ्यात मात्र आल्या आल्या हार पडले.

अशात देवासहून अवधूतचा फोन आला. अवधूत माझा मावसभाऊ, तिथल्या एका शाळेत गणित शिकवतो. कॉलेजात असताना एका सुट्टीत तो नाशिकला आला होता, तेव्हा मीच त्याला लिनक्सची गोडी लावली होती. त्याने देवासला जाऊन स्वतःचं मंडळ काढलं, शाळेची संगणकखोली लिनक्सवर उभी केली आणि ती आजवर सांभाळली.

"ताई, तू नाराज नको होऊ," तो म्हणाला. "शाळेत अपन नवी वाली टाकायचा विचार करून राहिलो आहे. रविवारी मंडळ ठरवेल. तू येऊन जा. तुझं म्हणणं सगळ्यांसमोर सांग."

मी लावलेलं जे काही जगात अजून जिवंत होतं, ते एवढंच मंडळ होतं. मी त्याच संध्याकाळी इंदूरच्या बसचं तिकीट काढलं.

देवास, शुक्रवार

बसचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सकाळी अवधूतच्या घरी पोचले तेव्हा टेबलावर पोहे होते. आमच्याकडे पोहे म्हणजे शेंगदाणे, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. इथे पोहे वाफेवर ठेवलेले, मऊ, किंचित गोडसर, त्यावर शेवेचा ढीग, कच्चा कांदा आणि जीरावन नावाचा आंबटतिखट मसाला. सोबत जिलबी. पोह्यांसोबत जिलबी खाणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर हसत आले होते. त्या सकाळी दोनदा मागून घेतली.

"वन्सं, तुमच्याकडे पोह्यांवर शेव नाही घालत?" अवधूतची बायको कल्पना विचारत होती. नणंदेला वन्सं म्हणणारी माणसं आमच्याकडे आता जुन्या फोटोंतच उरलीत. इथे ती सकाळी पोहे वाढतात आणि पुढच्याच वाक्यात हिंदीत शिरतात. "मग खाता तरी काय? सूखे-सूखे?"

तेवढ्यात तिने टेबलावरचा लॅपटॉप उघडला आणि मला माझी सवत पहिल्यांदा जवळून दिसली. झाकण वर गेलं आणि ती तयार! ना काळ्या पडद्यावरून धावणाऱ्या ओळी, ना "थांबा, सुरू होत आहे". कल्पनाने विजेचं बिल भरलं, भाच्याच्या लग्नाचे फोटो पाहिले, भजन लावलं आणि झाकण मिटलं. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला.

"आधी यांनी तुमचं लिनक्स टाकून दिलं होतं ना, मराठीमध्ये," ती म्हणाली. "त्यात लिहिलेलं असायचं, 'संचयिका'. आता वन्सं, मी हिंदी मीडियमची. घरी मराठी बोलते ते वेगळं, वाचायला गेलं की अटकते. मी यांना म्हटलं, ही संचयिका कोण बाई आहे? आणि प्रिंटर तर कधी माझं ऐकायचाच नाही. हे मस्त आहे. काही विचारतच नाही."

फोल्डरला संचयिका म्हणायचं हे ज्या बैठकीत ठरलं, तिथे मी होते. त्या शब्दासाठी मी दोन मित्र तोडले होते. मी जिलबी खाल्ली.

संध्याकाळी अवधूत टेकडीवर घेऊन गेला. देवासची टेकडी गावाच्या मधोमध आहे आणि वर दोन देव्या आहेत, मोठी माता आणि छोटी माता, सख्ख्या बहिणी. दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, असं लोक सांगतात. एक रागाने जमिनीत उतरायला लागली, दुसरी डोंगर सोडून निघाली, आणि भक्तांनी हातापाया पडून दोघींना होत्या तिथे थांबवलं. तेव्हापासून दोघी एकाच टेकडीवर, पण आपापल्या जागी. या गावाला भाऊबंदकीचं वावडं नाही. एकाच गावात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन दरबार.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"ते काही पक्कं नाही," अवधूत हसला. "पण लोक दोघींचं दर्शन घेतात. एकीचंच घेतलं तर पुरं नाही मानत."

तो मला समजावतो आहे हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. धाकटीला मोठीच्या शेजारी बसवून मोकळे होणाऱ्या भक्तांना काय जातंय? मोठीला कोणी विचारलं होतं? घरी आल्यावर मी माझा लॅपटॉप काढला आणि लिनक्सची अगदी ताजी आवृत्ती चढवायला घेतली. उद्या धारला सगळ्यांसमोर दाखवायचं तर उत्तम तेच दाखवावं.

धार, शनिवार

धारला मराठी समाजाच्या सभागृहात अवधूत शिक्षकांना नवी प्रणाली दाखवणार होता. राजगढ, मनावरकडून माणसं यायची होती. मी त्याच्यासोबत निघाले, माझी बाजू मांडायला.

इंदूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. आमच्याकडेही काळी जमीन आहे, पण मधे मधे खडक डोकं काढतो. इथली नुसती पसरलेली, गव्हाने भरलेली, मधेच एखादं चिंचेचं झाड. या लोकांना जमिनीनेही काही अडवलेलं नाही, असा एक कडवट विचार मनात आला. माझी तेव्हाची मनःस्थिती यावरून कळावी.

कार्यक्रमाआधी जेवण होतं, आणि जेवणात दाल-बाफले. गव्हाच्या पिठाचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात आणि मग तुपात बुडवतात. आमच्याकडे पोळीला तूप लावतात. इथे तुपाला बाफला लावतात. दुसरा बाफला संपला तेव्हा मला लिनक्सचं नावही धड आठवेना.

अवधूतने आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. एकाच वेळी तीन शिक्षक आपापल्या फोनवरून एकाच प्रश्नपत्रिकेत प्रश्न भरत होते आणि ते सगळ्यांना पडद्यावर दिसत होते. राजगढच्या एक बाई पुढे येऊन अगदी पडद्याला नाक लावून पाहत होत्या. "सर, हे तर फारच सोपं आहे," त्या म्हणाल्या. "फारच" म्हणताना त्यांचा चेहरा जसा झाला, तसा चेहरा व्हावा म्हणून मी किती व्याख्यानं दिली असतील! एकदाही कोणाचा झाला नाही.

आणि तेवढ्यात इंटरनेट गेलं. बाहेर रस्ता खोदत होते, तिथे बहुतेक तार तुटली. फोनचीही रेंज त्या दगडी सभागृहात जेमतेम. पडद्यावरची प्रश्नपत्रिका गोठली. अवधूत म्हणाला की थोडंफार काम नेटशिवायही चालतं, पण शिक्षकांची कुजबुज सुरू झाली होती.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? मी उठले. "पाहिलंत?" मी म्हणाले. "तुमचं सगळं दुसऱ्याच्या घरात ठेवायचं आणि वाट बंद झाली की हात चोळत बसायचं. आता हे पाहा. याला कोणाचं इंटरनेट लागत नाही. हे माझं आहे, माझ्या मालकीचं." आणि मी माझ्या लॅपटॉपचं बटण दाबलं.

काळा पडदा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. मी थांबले. ती लुकलुकतच होती. आदल्या संध्याकाळी हौसेने चढवलेली ताजी आवृत्ती यंत्राला पचली नव्हती. हात दाखवून अवलक्षण, तेही प्रोजेक्टरवर, भिंतभर.

मागच्या रांगेतून एक मास्तर अगदी सहानुभूतीने म्हणाले, "मॅडम, इसका भी नेट गया क्या?"

मी पुन्हा पुन्हा बटण दाबत असतानाच इंटरनेट परत आलं. अवधूतची प्रश्नपत्रिका जिथे थांबली होती तिथून निमूट पुढे सुरू झाली. एक अक्षरही हरवलं नव्हतं. राजगढच्या बाई पुन्हा पडद्याजवळ गेल्या. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि अवधूतनेही विषय काढला नाही. तो एवढा शहाणा नसता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

देवास, रविवार

मंडळ शाळेच्या संगणकखोलीत भरतं. मी दारातच थबकले. खोली भरली होती. बाकांवर, खिडकीत, जमिनीवर माणसं. नाशिकला आमच्या भरभराटीच्या काळातही एवढी कधी आली नव्हती. मला पोटात दुखतं म्हणतात तसं खरोखर दुखलं. या मुलाला मी शिकवलं आणि गर्दी याच्याकडे!

मी बोलले. धारची फजिती सगळ्यांना कळलेली होती, तरी बोलले. मुलांना फक्त वापरायला शिकवणार की उघडून बघायलाही, असं विचारलं. ज्या कंपनीची ही प्रणाली आहे तिने उद्या दार लावलं तर कोणाकडे जाणार, असं विचारलं. आवाज जरा चढलाच.

सगळ्यांनी नीट ऐकलं. मग दिघेकाका उठले. बँकेतून निवृत्त झालेले, मंडळात सगळ्यात वडील, आणि त्यांचं मराठी जुन्या पत्रांत असतं तसं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "आपलं म्हणणं रास्त आहे. पण शाळेस चालणारं यंत्र हवं. पोरांचे परीक्षेचे अर्ज त्या दिवशी भरले गेले पाहिजेत. बिघडणारं हवंय ते आपणां मंडळींस. शाळेची गोष्ट निराळी, आपली निराळी."

हात वर झाले. शाळेसाठी नवी प्रणाली ठरली. मी ज्यासाठी आले होते ते एवढ्यात संपलं. माझ्या बाजूने एकच हात वर होता, कल्पनाचा, आणि तोही नणंद म्हणून.

पण निकालानंतर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाटपिपल्याहून दर रविवारी मोटारसायकलवर येणारा गोलू, त्याचं तिथे मोबाइलचं दुकान आहे, तो डोकं खाजवत म्हणाला, "तो भिया, एक बात बताओ. ये तो बिगडेगा नहीं. फिर अपन संडे को करेंगे क्या?"

अवधूत बोर्डाकडे बघत राहिला. त्याला हे आधीच सुचलेलं होतं आणि त्याचंच त्याला भय होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. शाळेची जुनी यंत्रं नेहमी कुठे ना कुठे अडायची, म्हणून हे लोक जमायचे. आता अडणारं काही उरणार नव्हतं. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं. अगदी थोडं.

मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"ताई," तो म्हणाला, "तुझा अजून काळाच आहे ना?"

खोलीत एकदम जीव आला. कोणी बाक सरकवले, कोणी मधोमध एक लाकडी पाट मांडला. खरा पाट, जेवणाचा. या मंडळाची रीत मला ऐकून ठाऊक होती, पण तिच्यात सापडण्याची वेळ कधी आली नव्हती. ज्याचं यंत्र बिघडलं तो यजमान. त्याने पाटावर बसायचं. बाकीचे सगळे भटजी. भटजींनी फक्त तोंडाने सांगायचं, यंत्राला हात लावायचा नाही. यजमानाने सांगितलं तेवढं टाइप करायचं आणि भटजींना अक्कल शिकवायची नाही. आणि मंडळींचे पोहे यजमानाकडून.

"वन्सं, पोहे तुमच्याकडून हं," कल्पना हसत म्हणाली. "बसा पाटावर."

बसले. आता खरी गोष्ट अशी की त्या काळ्या पडद्यावरचा इलाज मला ठाऊक होता. सुरू होताना यादी येते, तिच्यातून आधीच्या आवृत्तीचा जुना गाभा निवडायचा, झालं. काल धारला घाबरून ते सुचलं नव्हतं, आज शाळेत येताना वाटेत आठवलं होतं. मी तोंड उघडलं.

"यजमान बोलत नाहीत," दिघेकाका म्हणाले.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकाने सांगितलं हे लिहा, मी लिहिलं. काही झालं नाही. दुसऱ्याने सांगितलं ते खोडा, असं लिहा. दोघांचं जुंपलं. गोलू फोनवर काहीतरी शोधून मोठमोठ्याने वाचून दाखवत होता. एका मुलीने जे सांगितलं ते साफ चूक होतं, मला दिसत होतं, आणि तरी मला ते अक्षर न् अक्षर टाइप करावं लागलं. त्या चुकीने यंत्राने एक लांबलचक तक्रार पडद्यावर फेकली आणि सगळी डोकी एकदम पुढे झुकली. पोहे आले, हात शेवेने माखले. एका हातात जिलबी धरून दिघेकाका आज्ञा सांगत होते, "आता, बाईसाहेब, एक तिरपी रेघ. दुसरीकडे झुकलेली."

नाशिकला आम्ही काय करायचो? कोणी बिघडलेलं यंत्र आणलं की मी ते त्याच्या हातून घ्यायची, तो चहा पिईपर्यंत दुरुस्त करून परत द्यायची. लोक आभार मानायचे. पुन्हा यायचे नाहीत, कारण यायचं कारणच मी ठेवलं नव्हतं. इथे कोणी कोणाचं यंत्र हातात घेत नाही, म्हणून खोली भरते. पाटावर बसून हे कळलं तेव्हा सवतीचा राग कुठल्या कुठे गेला. आता मला हेवा वाटत होता तो या लोकांचा, आणि तो पहिल्यापेक्षा बोचरा होता.

उन्हं कलली तरी यंत्र सुरू झालं नाही. माझ्या बसची वेळ झाली.

"कई बात नी," गोलू माळवीत म्हणाला, "अगले संडे देखते हैं।"

"पुढच्या रविवारी मी नाशिकला असेन," मी म्हणाले.

"तू असशील," अवधूत म्हणाला. "हा इथे ठेव ना, ताई. मंडळाला लागेल." आणि मला काही बोलू न देता त्याने आपला लॅपटॉप, तोच, नवा, माझ्या पिशवीत सरकवला. "तोवर हा वापर."

मी त्याला इलाज सांगू शकले असते. दारापर्यंत जिभेवर होता. पण मागे खोलीत दिघेकाका आणि गोलू त्या लुकलुकणाऱ्या रेघेवरून वाद घालत होते, आणि मी यजमान होते. गप्प बसले.

नाशिक

दर रविवारी कल्पनाचा फोटो येतो. मधे माझा लॅपटॉप, त्याच्यावर ओणवी झालेली डोकी. परवा तिने बोलून निरोप पाठवला, कारण लिहायला ती अटकते. "वन्सं, काल तुमचा सुरू झाला होता! सगळे इतके खूश. मग गोलूने त्यात आणखी काही टाकलं, परत बंद. पोहे मस्त झाले होते. सगळे विचारून राहिले, यजमान कधी येणार?"

शाळेतली यंत्रं ठणठणीत चालतात, असंही तिने सांगितलं.

हा सगळा वृत्तांत मी अवधूतच्या त्या नव्या लॅपटॉपवर लिहिला. झाकण उघडलं की सुरू. सवतीत खोट काढायला मी फार बघितलं, पण ती एकदाही अडली नाही. त्यामुळे एकदाही कोणाला घरी बोलवावं लागलं नाही.